सत्तर घरांचे पत्र

गोष्ट तशी साधी आहे. पण तिची सुरुवात माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यापासून करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी, ऐन परीक्षांच्या दिवसांत, हा अंगठा संपावर गेला. पेपर तपासून मनगट आधीच दुखत होते. त्यात कणीक मळताना अशी कळ येऊ लागली की परात तिथेच ठेवून उभे राहावे. डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा आवळला आणि बजावले, "बाई, महिनाभर मोबाईलवर लिहिणे बंद." आमचे हे म्हणाले, "बरे झाले. आता फोन करून बोलत जा." बाकी सगळ्यांशी बोलता येत होते हो! पण जिच्याशी माझा रोजचा व्यवहार लिहूनच चालतो, तिला बोललेले ऐकू येत नाही. ती म्हणजे माझी आत्या.

आत्या संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. लग्न केले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे मुलांना बाराखडी घोटून घेतली आणि पेन्शन घेऊन आजोबांच्या घरात येऊन राहिली. पंच्याहत्तरीच्या सुमारास कान गेले. यंत्र लावते, पण फोन कानाशी नेला की ते यंत्र अशी शिट्टी घालते की तिच्या मांडीवरचे मांजर उडी मारून पळते. इंटरनेट त्या डोंगराच्या कुशीत पोचलेले नाही, तेव्हा व्हॉट्सॲपची बातच नको. बटणांचा साधा फोन आहे, आणि अंगणातल्या फणसाखाली उभे राहिले तर त्यात एखाद-दुसरी दांडी उगवते. एवढ्या बळावर बोलणे धड होत नाही, पण एसएमएस पोचतो.

असे का व्हावे, याचे मला फार दिवस नवल वाटत होते. मौज अशी आहे की, बोलण्याला जितका वेळ बोलाल तितका वेळ रस्ता सलग मोकळा लागतो. एसएमएसला तसा स्वतंत्र रस्ता लागत नाही. आपला फोन आणि मनोरा यांच्यात 'मी इथे आहे, मी इथे आहे' अशी जी खाणाखुणांची देवघेव अधूनमधून चालू असते, तिच्याच वाटेने ही चिठ्ठी सरकवली जाते. आणि समोरचा फोन सापडलाच नाही, तर ती परत येत नाही. कंपनीच्या केंद्रात थांबून राहते, फोन पुन्हा फणसाखाली आला की घरी पोचवली जाते. आमच्या लहानपणी वाडीतला पोस्टमन नदीला पूर असला की पत्रे ठेवून घ्यायचा आणि पाणी उतरले की आणून द्यायचा. त्याचाच हा भाऊ म्हणावा.

तर आत्याशी माझा असा हा एसएमएसचा पत्रव्यवहार. पहिल्या वेळी घाईत मी तिला रोमन लिपीत मराठी लिहिले होते. उत्तर आले, "तू मराठीची प्राध्यापिका. मला मराठीत लिही. हे मला वाचता येत नाही, आणि आले तरी वाचणार नाही." ती स्वतः त्या बटणांवर देवनागरी लिहिते. च-वर्गाची कळ चार वेळा दाबावी तेव्हा कुठे 'झ' उमटतो! तरी ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. या बाईला मी अंगठ्याच्या दुखण्यापायी महिनाभर काय कळवणार होते? तिसऱ्या दिवशी विचारणा आलीच: "बरी आहेस ना? तीन दिवस मजकूर नाही."

आमच्या चिरंजीवांनी ही कोंडी पाच मिनिटांत फोडली. माझ्या लॅपटॉपवर गूगल मेसेजेसचे पान उघडले. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक नक्षीदार चौकोन आला. मग माझ्या फोनमधल्या संदेशांच्या ॲपमध्ये जाऊन, नवे यंत्र जोडण्याची आज्ञा देऊन, त्याने फोनचा डोळा त्या चौकोनासमोर धरला. झाले! फोनमधले सारे संदेश लॅपटॉपच्या पडद्यावर ओळीने उभे राहिले. आत्याच्या नावावर टिचकी मारली आणि दहा बोटांनी, ज्या कळफलकावर मी वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका काढत आले त्याच कळफलकावर, लिहायला बसले.

माझा आधी असा समज झाला की आता संदेश लॅपटॉपच पाठवतो. तसे नाही. लॅपटॉप हा नुसता लेखनिक. तो मजकूर उतरवून इंटरनेटवरून फोनच्या हाती देतो. तिकीट लावून टपालात टाकण्याचे काम फोनच करतो, आपल्याच सिमकार्डावरून, आपल्याच नंबराने, आपल्याच पैशांत. आत्याला काडीचाही फरक कळत नाही. तिचे उत्तरही आधी फोनमध्ये येते आणि मग त्याची नक्कल लॅपटॉपवर उमटते. म्हणून फोन चालू हवा, त्याला इंटरनेट हवे आणि मोबाईलची रेंजही हवी. हे न कळल्यामुळे एकदा फजिती झाली. फोनची बॅटरी घरी संपून पडली होती आणि मी कॉलेजात बसून आत्याला चांगला लांबलचक मजकूर लिहिला, 'पाठवा'वर टिचकी मारली आणि खुशाल लॅपटॉप मिटला. मजकूर जागचा हललाच नाही. रात्री घरी येऊन पाहते तो आत्याचा प्रश्न येऊन पडलेला: "आज काही विसरलीस का?"

ही सोय काही एकाच कंपनीची मिरास नाही. आयफोनचे संदेश मॅकवर आणण्याची व्यवस्था २०१४ साली आली. अँड्रॉइडसाठी गूगलने आपले पान जून २०१८ मध्ये खुले केले. मायक्रोसॉफ्टचे 'युवर फोन' त्याच वर्षीचे. २०२२ मध्ये त्याचे बारसे पुन्हा होऊन ते 'फोन लिंक' झाले. लिनक्सवाल्या मंडळींत 'केडीई कनेक्ट' प्रिय आहे. फोन आणि लॅपटॉप घरातल्या एकाच वाय-फायवर असले की ते आपापसांत जुळवून घेतात, बाहेरच्या कोणाची मध्यस्थी लागत नाही. त्याच्याही आधी, लॅपटॉपच्या कडेला खुपसायच्या त्या काडेपेटीएवढ्या डोंगलांत सिमकार्ड असे, आणि त्यातूनही संदेश जात-येत. पण ते त्या वेगळ्या सिमच्या नंबरावरून. आत्याने अनोळखी नंबराला उत्तर दिले नसते. तिचा तो नियमच आहे.

अंगठा बरा झाला तरी मी लॅपटॉप सोडला नाही. आणि मग कुतूहलाने थोडे वाचन केले, तेव्हा कळले की आपण काही नवे करत नाही. मूळ जागी परत आलो आहोत. जगातला पहिला एसएमएस मुळी फोनवरून गेलाच नव्हता. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ नावाच्या बावीस वर्षांच्या अभियंत्याने तो संगणकासमोर बसून लिहिला: 'मेरी ख्रिसमस'. तो गेला व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर. हे गृहस्थ त्या वेळी नाताळच्या मेजवानीत होते. त्यांच्या हाती होता ऑर्बिटेल ९०१ या जातीचा दोन किलोंहून जड फोन, आणि त्याला संदेश वाचता येत असला तरी लिहिता येत नव्हता. म्हणजे बिचाऱ्या जार्विसना उलट शुभेच्छाही देता आल्या नाहीत. अंगठ्याने लिहिण्याची रीत मागाहून आली, आणि तिने आमच्या मनगटाची वाट लावली!

या चिठ्ठीचे माप ठरले ते त्याही आधी. १९८५ च्या सुमारास बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे अभियंते आपल्या टंकयंत्रावर मनाला येतील ती वाक्ये आणि प्रश्न टंकत बसले आणि प्रत्येकाची अक्षरे मोजत गेले. बहुतेक मजकूर एकशेसाठाच्या आत संपतो असे त्यांना आढळले. पोस्टकार्डांवरचे मजकूरही त्यांनी ताडून पाहिले, तेही तेवढ्यातच. खाणाखुणांच्या त्या अरुंद वाटेवर जागा थोडीच होती; त्यात १६० बसत होती. ठरले! माणसाला एका वेळी सांगण्यासारखे जे असते त्याची लांबी एका जर्मन गृहस्थाने अशी घरात बसून मोजली.

पण हिलेब्रांटसाहेबांच्या टंकयंत्रावर जोडाक्षरे नव्हती. इथे आम्हां मराठी मंडळींची खरी अडचण सुरू होते. एका संदेशाला जागा मिळते ती ११२० बिटांची. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० घरे. देवनागरीला प्रत्येकी सोळा लागतात, म्हणून सत्तरच घरे. बरे, घर म्हणजे अक्षर असे समजू नका. आपली काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सारी बिऱ्हाडे स्वतंत्र घर मागतात. इतकेच काय, पाय मोडलेल्या अक्षराचा न दिसणारा हलंतही आपले घर घेऊन बसतो. 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द कानाला चार अक्षरांचा. एसएमएसच्या हिशेबी तो सतरा घरांचा! इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर घुसवले तरी अख्खा संदेश एकशेसाठाचा सत्तरावर येतो. सत्तराच्या पुढे गेलात तर संदेशाचे तुकडे होतात, आणि 'मी कितवा तुकडा' ही खूण प्रत्येकाला वागवावी लागत असल्याने दर तुकड्यात सदुसष्टच घरे उरतात. रिचार्जमध्ये रोजचे शंभर संदेश मिळतात, त्यातून एकेक तुकडा एकेक म्हणून वजा होतो.

फोनवर लिहीत असेपर्यंत हे मला जाणवले नव्हते, कारण अंगठ्याने कोण किती लिहिणार? लॅपटॉपवर बसल्यावर हात सैल सुटला. पहिल्याच दिवशी मी रीतसर मायना घातला: 'तीर्थस्वरूप आत्यास, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.' मोजून पाहा. स्वल्पविराम-पूर्णविरामासकट पन्नास घरे! सत्तरांपैकी पन्नास नमस्कारातच गेली आणि विशेष काय ते सांगायला वीस उरली. आत्याचा जुना फोन लांब संदेश तुकड्यातुकड्यांनी उघडतो. तिने कळवले, "मायना नको. पोस्टकार्ड समज. दुसरी ओळ माझी प्रकृती, तिसरी तुझी." तेव्हापासून मी हात आखडून लिहिते, पण लिहिते ते मराठी. फोनवर 'कशीयेस, जेवलीस का' यापलीकडे न जाणारी मी आता तिला पावसाविषयी लिहिते, वर्गातल्या मुलांविषयी लिहिते, एखादा शब्द अडला तर विचारते. 'पागोळी' आणि 'पन्हळ' यांतला फरक तिने दोन संदेशांत समजावून दिला. शब्दकोशात इतके स्वच्छ सापडले नसते.

संगणकावरून संदेश पाठवण्याची एक जुनी आठवणही या निमित्ताने वर आली. नव्या नोकरीच्या दिवसांत, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, फुकट एसएमएस पाठवू देणारी संकेतस्थळे भलतीच जोरात होती. त्यांतले वे-टू-एसएमएस हैदराबादचे. आम्ही तरुण मंडळी कॉलेजच्या संगणकावर बसून सणासुदीला शुभेच्छांचा पाऊस पाडत असू. संदेशाच्या शेपटाला संकेतस्थळाची जाहिरात लटकलेली असे, पण फुकटच्या दुधाला साय कोण शोधतो? त्या काळी दिवाळीच्या नि नववर्षाच्या दिवशी एसएमएसचे स्वस्त पॅक चालत नसत. ऐन सणाला पूर्ण दर! म्हणून ही फुकटची वाट जास्तच गोड. पुढे जाहिरातींच्या संदेशांनी लोकांचा जीव नकोसा केला, आणि २०११ च्या सप्टेंबरात ट्रायने एका सिमकार्डावरून दिवसाला शंभरच संदेश अशी मर्यादा घातली. दोन महिन्यांत ती दोनशेवर नेली. पुढल्या ऑगस्टात तर अफवांपायी ईशान्येकडची माणसे पुण्याहून आणि बंगळूरहून गाठोडी घेऊन निघाली, तेव्हा सरकारने काही दिवस घाऊक संदेश बंदच केले. फुकटच्या दिवाळीची मजा गेली ती गेलीच. तारेच्या जमान्यात बरे होते. शुभेच्छांच्या तयार मजकुरांना आकडे ठरलेले असत. १ लिहिला की दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, ८ लिहिला की नवदांपत्याला दीर्घ नि सुखी संसाराच्या. जुलै २०१३ मध्ये तारही बंद झाली.

असो. ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते अजून राहिलेच आहे.

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळी अकराच्या तासाला, मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'वर बोलत होते. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत टिपणे. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. मी मुलांकडे तोंड करून बोलत असताना वर्ग एकदम गप्प झाला. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, मागे पाहा."

भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, हातभर उंचीच्या चौकटीत, आत्याचा संदेश उमटला होता: "पडले आहे. ओसरीवर. पाय उचलत नाही. कोणाला तरी पाठव. घाबरू नकोस."

वाडीतली घरे एकमेकांपासून लांब. हाक मारली तर पावसाच्या आवाजात पोचत नाही. फोन लावला तर पलीकडे कोणी उचलला की नाही हेच तिला कळत नाही. लिहिणे एवढेच तिच्या हाती होते, आणि ते तिने केले होते. त्या क्षणी माझे हातपाय गळाले हे सांगायला लाज वाटत नाही. पण दोन यंत्रे जवळ होती. पर्समधून फोन काढून एका हाताने खालच्या दुकानदाराला लावला, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर लिहिले: 'मिळाले. माणूस निघतो आहे. हलू नकोस.' फोन वाजत असताना ते गेले. दुकानदार नि त्याचा मुलगा छत्री न घेता धावले. खुब्याचे हाड मोडले होते. रत्नागिरीला नेले, शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे मी तिच्याजवळ राहिले. आता वॉकर घेऊन फणसापर्यंत जाते.

दुकानदार पुढे मला म्हणाला, "बाई गार फरशीवर पडून होत्या, पण फोन हातात उघडा धरून तुमचा मजकूर वाचत होत्या." फोन पर्समध्ये मुका पडला होता; तास संपून स्टाफरूममध्ये चहा घेऊन मी तो पाहिला असता तर निदान एक तास गेला असता. नंतर कधी तरी मी तिचा तो संदेश मोजला. एकसष्ट घरे. तशाही अवस्थेत तिने तो सत्तरात बसवला होता, आणि पाचही पूर्णविराम दिले होते.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण घरी आल्यावर चिरंजीवांनी मला चांगलेच धारेवर धरले. "आई, आत्याआजीचा मेसेज आला हे नशीब. त्या जागी बँकेचा आकडा आला असता तर?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, कार्ड समोर न दाखवता खरेदी करायची तर आणखी एक खातरजमा लागते, आणि बँका ती बहुधा एसएमएसने आलेल्या क्षणभंगुर आकड्याने करतात. यातली खुबी ही की एक किल्ली संगणकात, दुसरी फोनमध्ये. चोराला दोन्ही हव्यात. मी फोनचे संदेश लॅपटॉपवर आणले तेव्हा दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ओवल्या होत्या. लॅपटॉप उघडा टाकून मी पाणी प्यायला गेले तर तेवढ्यात कोणीही वाचावे! कॉलेजच्या सामाईक संगणकावर तर मी एकदा तो ठिपक्यांचा चौकोन टिपून 'हा संगणक लक्षात ठेव' असेही सांगून बसले होते, हे त्याला फोनमधल्या यादीत दिसले. ते नाव त्याने तिथल्या तिथे खोडले. कोणत्या यंत्रांना आपण जोडून दिले आहे त्याची यादी फोनमध्ये असते. ती महिन्यातून एकदा तरी पाहावी. आणि कोणी फोनवरून गोड बोलून 'हा चौकोन टिपा, बक्षीस मिळेल' म्हणाले, तर तो बक्षीस देत नसतो, आपल्या टपालाची पेटी आपल्या घरी नेत असतो.

भिंतीवर चित्र टाकले की अशा चौकटी आपोआप दडवून ठेवण्याची सोयही लॅपटॉपमध्ये असते. ती आमच्या यंत्रात कोणी तरी बंद केली होती. कोणी तरी म्हणजे मीच. कुठली तरी बटणे दाबताना.

ती सोय चिरंजीवांनी पुन्हा चालू केली. मी आठवडाभर विचार केला. वर्गात आता चौकटी येत नाहीत. बँकेच्या आकड्यासाठी वेगळा, साधा फोन नि वेगळे सिम घेतले, ते कपाटात असते आणि कुठल्याही लॅपटॉपला जोडलेले नाही. पण वर्गात फोन आता पर्समध्ये ठेवत नाही. टेबलावर, पालथा न घालता ठेवते. सगळ्यांचे आवाज बंद आणि एका आत्याचा तेवढा चालू. मुलांना ठाऊक आहे. तो वाजला की वर्ग आपणहून थांबतो. बहुधा मजकूर असतो तो असा: "आज पेज आणि पापड. फणसाखाली ऊन छान आहे."

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी लॅपटॉपवरून तिची परवानगी मागितली. दोन संदेश लागले. मायना घातला नव्हता. संध्याकाळी उत्तर आले: "लिही. माझे नाव नको. छापण्याआधी शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घे."